एक आवाज, तीन कारभारी

समजा, शाळेतल्या एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या शाळेच्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. शाळेचा संगणक लिनक्सवर चालतो. बाईंच्या घरी विंडोज आहे. ज्या मावशींना हे मुद्रण पाठवायचे, त्यांच्याकडे मॅक आहे. तरीही आजीचा आवाज तिन्हीकडे तोच ऐकू येतो. मधला खोकला कापता येतो, दोन ओव्या एकापुढे एक जोडता येतात. हे सारे करणारे सॉफ्टवेअर तिन्हीकडे एकच असते, आणि त्यासाठी कुणालाही पैसे मोजावे लागत नाहीत.

आज हे इतके सहज होते की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण १९९० च्या आसपास हे शक्य नव्हते. ते शक्य करण्यात वीस-पंचवीस वर्षे गेली, आणि वाटेतल्या अडचणी आवाजाच्या नव्हत्या. हवेतली कंपने सगळीकडे सारखीच. अडचणी होत्या माणसांनी केलेल्या वेगवेगळ्या करारांच्या. हा इतिहास आपण क्रमाने पाहू या.

आवाजाचे आकडे

संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्‌दाब ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहिला जातो. संगीताच्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत लिहिले जाते. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह धरले तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात, एका मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख आणि एका तासाला ६३ कोटींहून जास्त. आजीच्या ओव्या म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आकड्यांची एक लांबलचक माळ.

मग आकडे एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायला अडचण कसली? पहिली अडचण अशी, की आकडा कोणत्या टोकाकडून लिहायचा यावरच एकमत नव्हते.

'सत्तावीस' की 'वीस सात'?

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली ते शिक्षकांना आठवत असेल. लिहिताना आपण आधी दशक लिहितो, बोलताना मात्र आधी एकक उच्चारतो. अंकांत लिहिलेला २७ कोणालाही कळतो. पण एकाने 'दोन, सात' सांगितले आणि ऐकणाऱ्याने आधी एकक येतो असे धरून लिहिले, तर सत्तावीसचे बहात्तर होतात.

संगणकांत नेमके हेच होते. मोठी संख्या दोन बाइटांत साठवताना इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. जुन्या मॅकमधले मोटोरोलाचे आणि सनच्या यंत्रांतले प्रोसेसर मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवत. १००० ही संख्या घ्या. ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. म्हणून एका पद्धतीत ती '३, २३२' अशी, तर दुसरीत '२३२, ३' अशी लिहिली जाते. एकाचे लिहिणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचले तर २३२ गुणिले २५६ अधिक ३, म्हणजे ५९,३९५ मिळतात. आवाजाच्या आकड्यांत धन आणि ऋण दोन्ही असतात आणि १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढे धन संख्या मावत नाही, म्हणून संगणक हा आकडा उणे ६,१४१ असा समजतो. हळू आवाजातला एक सौम्य बिंदू विरुद्ध दिशेला फेकला जातो. सेकंदातल्या ४४,१०० आकड्यांचे असे झाले की ओवीची जागा कर्कश खरखर घेते.

१९८० सालच्या १ एप्रिलला डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने या भांडणावर एक टिपण लिहिले. स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये उकडलेले अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढाया होतात. कोहेनने तिथूनच दोन्ही पक्षांना 'मोठ्या टोकाचे' आणि 'लहान टोकाचे' अशी नावे दिली. त्याचे म्हणणे साधे होते. दोन्ही पद्धती चालतील, सर्वांनी एकच वापरणे महत्त्वाचे.

तसे झाले नाही. ॲपलने १९८८ मध्ये 'एआयएफएफ' हा ध्वनिफायलींचा साचा आणला, तो मोठ्या टोकाचा. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये 'वॅव्ह' आणला, तो लहान टोकाचा. सनच्या यंत्रांचा 'एयू' हा आणखी तिसरा. प्रत्येकाच्या फायलीला सुरुवातीला एक मथळा असतो आणि त्यात वेग किती, प्रवाह किती हे लिहिलेले असते. तो मथळाही प्रत्येकाचा निराळा.

पहिला उपाय दुभाष्याचा होता. १९९१ मध्येच लान्स नॉर्सकॉग यांनी 'सॉक्स' ही छोटी आज्ञावली लिहून सर्वांसाठी खुली केली. तिचे काम एकच, एका साच्यातली फाइल दुसऱ्या साच्यात उतरवणे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एरिक डी कॅस्ट्रो लोपो यांनी 'लिबएसएनडीफाइल' हा संच लिहिला. सॉक्स हे वापरणाऱ्याचे अवजार होते, हा संच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे. तो आपल्या प्रोग्रॅमला जोडला की अंड्याच्या टोकाचा विचार पुन्हा करावा लागत नाही. एकाने सोडवलेले गणित दुसऱ्याने नव्याने सोडवायचे नाही, ही मुक्त सॉफ्टवेअरची रीत. अशा सॉफ्टवेअरचे मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते.

कारभारी बदलला की रीत बदलते

फाइल वाचता आली, पण आवाज स्पीकरपर्यंत पोचवायचा राहिला. प्रोग्रॅम साउंड कार्डाशी थेट बोलत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिला आपण संगणकाचा कारभारी म्हणू. प्रत्येक कारभाऱ्याकडे अर्ज करण्याची रीत निराळी.

विंडोजमध्ये १९९१ पासून 'मल्टिमीडिया एक्स्टेन्शन्स'ची रीत होती. १९९५ मध्ये तिच्या जोडीला 'डायरेक्टसाउंड' आली. १९९७ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने स्टुडिओतल्या कामासाठी 'एएसआयओ' ही स्वतःची रीत काढली. मॅकवर 'साउंड मॅनेजर' होता. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली आणि तिच्याबरोबर 'कोअर ऑडिओ' ही संपूर्ण नवी रीत आली. लिनक्सवर फिनलंडच्या हान्नू सावोलायनेन यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलेली 'ओएसएस' होती. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली 'अल्सा' २००३ च्या डिसेंबरात लिनक्सच्या २.६ आवृत्तीबरोबर तिच्या जागी बसली.

म्हणजे ध्वनिमुद्रणाचा एक प्रोग्रॅम तिन्हीकडे चालवायचा तर आवाजाची ये-जा करणारा भाग निदान पाच-सहा प्रकारे लिहायला हवा, आणि कारभारी बदलला की पुन्हा लिहायला हवा. कंपन्या हे करत नसत. त्या एक कारभारी निवडत आणि बाकीच्यांना सोडून देत. फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तर ते झेपणारेच नव्हते.

पंगतीतला वाढपी

या सर्व रीतींच्या मुळाशी एक प्रश्न समान होता, वेळेचा. तो समजण्यासाठी पंगत डोळ्यांसमोर आणू या. साउंड कार्ड म्हणजे पानावर बसलेला जेवणारा. त्याच्या आतले स्फटिकाचे घड्याळ सेकंदाला ४४,१०० आकडे इतक्या नेमक्या गतीने खाते. प्रोग्रॅम म्हणजे वाढपी. पान म्हणजे बफर, आकडे तात्पुरते ठेवण्याची जागा. पान एकदा जरी रिकामे पडले तरी आवाजात 'टक्‌' असा खड्डा पडतो. कान तो लगेच पकडतो.

मग पान भरपूर वाढून ठेवावे का? तसे केले तर वाढलेले पोटात जायला उशीर होतो. ५१२ आकड्यांचे पान संपायला सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज चार मीटर जातो, म्हणजे तबलजी चार मीटरवर बसल्यासारखे वाटते. ते चालते. पण ४,०९६ आकड्यांचे पान घेतले तर उशीर ९३ सहस्रांश सेकंद होतो, आणि तबलजी जणू ३२ मीटरवर जाऊन बसतो. त्याच्याबरोबर गाणे अशक्य.

वाढण्याच्या दोन पद्धती असू शकतात. एकीत वाढपी आपल्या अंदाजाने फेऱ्या मारतो. दुसरीत जेवणारा हाक मारतो आणि वाढपी ताबडतोब वाढतो. जुन्या रीती बहुतेक पहिल्या प्रकारच्या होत्या. एएसआयओ आणि कोअर ऑडिओ दुसऱ्या प्रकारच्या. घड्याळ जेवणाऱ्याकडे असल्यामुळे दुसरी पद्धत अधिक भरवशाची.

ऑस्ट्रेलियातले रॉस बेन्सिना आणि अमेरिकेतले फिल बर्क यांनी हे हेरले. त्यांच्या 'पोर्टऑडिओ' या संचाने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकच गोष्ट मागितली. हाक आली की पुढचे आकडे भरून देणारा एक छोटा भाग लिहा. खाली कारभारी कोणता आहे, तो स्वतः हाक मारतो की त्याच्या वतीने पोर्टऑडिओला मारावी लागते, हे पोर्टऑडिओ पाहील. नवा कारभारी आला तर बदल फक्त पोर्टऑडिओत होईल, वरच्या प्रोग्रॅमांना हात लावावा लागणार नाही. मूळ लेखन कोणालाही, अगदी व्यापारी कंपनीलाही, फुकट वापरता येईल अशा परवान्याखाली त्यांनी ते खुले ठेवले.

हवानातले दोन निबंध

बेन्सिना आणि बर्क यांनी हे काम २००१ साली क्यूबातल्या हवाना इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगणक-संगीत परिषदेत मांडले. त्याच परिषदेत आणखी एक निबंध होता, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले डॉमिनिक मॅझोनी आणि त्यांचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांचा. या दोघांनी १९९९ च्या अखेरीस एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. ध्वनीचे विश्लेषण पडद्यावर नीट पाहता यावे, एवढाच मूळ हेतू. मे २००० मध्ये त्याची ०.८ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. हाच आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा 'ऑडॅसिटी'.

त्यांच्या निबंधातला प्रश्न वरवर साधा होता. तासाभराच्या मुद्रणाच्या सुरुवातीचा एक शब्द कापायचा असेल तर पुढचे ६३ कोटी बाइट मागे सरकवायचे का? बांधीव वहीतले पहिले पान फाडून पुढची सारी पाने नव्याने लिहून काढण्यासारखे ते झाले असते. मॅझोनी आणि डॅननबर्ग यांनी वहीऐवजी सुट्या कागदांची चळत वापरली. आवाज लहान लहान तुकड्यांत साठवायचा आणि तुकड्यांचा क्रम वेगळ्या यादीत लिहायचा. कापायचे म्हणजे यादी बदलायची आणि कडेचे एक-दोन तुकडे नव्याने लिहायचे. यामुळे त्या काळच्या सामान्य संगणकावरही लांब मुद्रण सहज हाताळता आले. शाळांतले संगणक सामान्यच असतात, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची.

खिडक्या, बटणे आणि मेनू तिन्हीकडे दिसण्यासाठी त्यांनी 'डब्ल्यूएक्सविंडोज' हा संच घेतला. तो ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू केला होता. २००४ पासून त्याचे नाव 'डब्ल्यूएक्सविजेट्स' आहे. त्याच वर्षी आलेल्या १.२ आवृत्तीत आवाजाची ये-जा पोर्टऑडिओमार्फत होत होती. अशा रीतीने एका प्रोग्रॅममध्ये एडिंबरा, पिट्सबर्ग, ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया एकत्र आले. यांतल्या कोणीही दुसऱ्याला कामावर ठेवले नव्हते.

कायद्याच्या भिंती

एवढे होऊनही दोन दारे बंद राहिली, आणि ती तंत्राने उघडणारी नव्हती.

पहिले दार एमपी-थ्रीचे. ही पद्धत पेटंटखाली होती. १९९८ मध्ये सुरू झालेला 'लेम' हा मुक्त संच उत्तम एमपी-थ्री फायली बनवत असे, पण तो ऑडॅसिटीबरोबर वाटणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे होते. त्यामुळे वर्षानुवर्षे वापरणाऱ्याला तो वेगळा शोधून, उतरवून, योग्य जागी ठेवावा लागे. अनेक शिक्षक इथेच अडले असतील. ख्रिस मॉन्टगोमेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंटमुक्त 'ऑग व्हॉर्बिस' तयार केले, त्याची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. पण बाजारातल्या बहुतेक यंत्रांना एमपी-थ्रीच कळत असे. एप्रिल २०१७ मध्ये एमपी-थ्रीचे परवाने देणे बंद झाले आणि २०१९ मध्ये ऑडॅसिटीबरोबरच लेम मिळू लागला. सॉफ्टवेअर वीस वर्षे तयार होते. वाट पाहावी लागली ती पेटंटांची मुदत संपण्याची.

दुसरे दार एएसआयओचे. त्याच्या साहित्याचा परवाना ऑडॅसिटीच्या परवान्याशी जुळत नव्हता. सोय जोडून आपल्यापुरती आवृत्ती तयार करायला मुभा होती, ती दुसऱ्याला द्यायला नव्हती. कित्येक वर्षे विंडोजवरची ऑडॅसिटी म्हणून या सोयीवाचून राहिली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या घरातही सारे आलबेल होते असे नाही. लिनक्सवर अल्सा आली, मग २००२ मध्ये पॉल डेव्हिस यांनी संगीतकारांसाठी 'जॅक' आणले, २००४ पासून रोजच्या वापरासाठी 'पल्सऑडिओ' तयार होऊ लागले. प्रत्येकाचे कारण योग्य होते. पण तिघांना एकत्र नांदवताना सामान्य माणूस मेटाकुटीला येई. २०१७ मध्ये विम टेमन्स यांनी 'पाइपवायर' जाहीर केले. जॅकसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो जॅक वाटतो आणि पल्सऑडिओसाठी लिहिलेल्याला पल्सऑडिओ. जुन्या प्रोग्रॅमांना न मोडता नवे आणण्याची ही युक्ती पोर्टऑडिओच्याच जातीची आहे.

आवाज कोणाचा?

मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटीची ३.० आवृत्ती आली. तोवर तिच्या प्रकल्पाची एक छोटी फाइल आणि तुकड्यांनी भरलेले एक वेगळे फोल्डर असे. पेन ड्राइव्हवर फक्त छोटी फाइल नेली की घरी गेल्यावर आवाज गायब. नव्या आवृत्तीत सुट्या कागदांची सारी चळत 'एसक्यूलाइट' या साच्यातल्या एकाच फायलीत बांधली गेली. ही फाइल दोन्ही टोकांच्या यंत्रांवर सारखीच वाचली जाते. कोहेनचे म्हणणे निदान इथे तरी मान्य झाले.

त्याच वर्षी ऑडॅसिटीची मालकी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, विरोध झाला आणि तो मागे घेतला गेला. जुलैमध्ये आलेल्या खासगीपणाच्या धोरणात तेरा वर्षांखालील मुलांनी हा प्रोग्रॅम वापरू नये असे वाक्य होते. म्हणजे प्राथमिक शाळेला दार बंद. त्यावरही टीका झाली आणि ते वाक्य काढण्यात आले. हा वाद चालू असताना काही प्रोग्रॅमरांनी मूळ लेखन घेऊन आपल्या वेगळ्या आवृत्त्या काढायला सुरुवातही केली होती. परवाना त्यांना तो हक्क देतो. मालक बदलला तरी तो हक्क जात नाही, आणि मुक्त परवान्याचा खरा अर्थ इथे दिसतो.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या निवेदनासह तयार केले. त्यांत ऑडॅसिटी शिकवणारे पाठही आहेत. आपल्या भाषेत सांगण्यासाठी कुणा कंपनीची परवानगी काढावी लागली नाही.

म्हणून शाळेत बोलीतल्या गोष्टी, गाणी किंवा आजीच्या ओव्या मुद्रित करणार असाल तर आमचा आग्रह एवढाच, की मूळ प्रत वॅव्ह किंवा 'फ्लॅक' या खुल्या साच्यात ठेवा. एमपी-थ्री पाठवण्यापुरते. आणखी तीस वर्षांनी कोणता कारभारी असेल ते सांगता येत नाही, पण ज्याची रचना सर्वांना माहीत आहे ती फाइल वाचणारा दुभाष्या कोणीतरी पुन्हा लिहू शकेल.

वर्गात करून पाहा

ऑडॅसिटीत एक-दोन वाक्ये मुद्रित करून १६ बिटांच्या वॅव्ह फायलीत साठवा. मग 'फाइल', 'इम्पोर्ट', 'रॉ डेटा' या मार्गाने तीच फाइल पुन्हा आत घ्या. 'रॉ' म्हणजे मथळा न वाचता नुसते आकडे घेणे. १६ बिट निवडा, प्रवाह आणि वेग मुद्रणाचेच ठेवा, पण बाइटांचा क्रम मुद्दाम 'बिग एंडियन' द्या. स्पीकरचा आवाज आधी कमी करायला विसरू नका. मुलांना खरखर ऐकू येईल. आता हेच सारे 'लिटल एंडियन' देऊन करा. तेच आकडे, तेवढेच आकडे, आणि आजी पुन्हा गाऊ लागेल. सुरुवातीला एक बारीक 'टक्‌' मात्र ऐकू येईल. तो कशाचा, हे मुलांनाच शोधू द्या.